बुदोकान : वास्तूचा हेतू आणि तिचा इतिहास

साहित्यकृतीच्या संदर्भात लेखकाचा हेतू आणि कृतीचा अर्थ यांचे नाते काय, हा वाद आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. कृती वाचकांच्या हाती गेली की तिचा अर्थ लेखकाच्या ताब्यात राहत नाही, असे एक पक्ष मानतो. हेतू सर्वस्वी पुसून टाकता येत नाही, असे दुसरा पक्ष मानतो. वास्तूंच्या इतिहासात हाच प्रश्न अधिक ठोस रूपात समोर येतो. कवितेचा कोणी भलता अर्थ लावला तर फार तर एखादा परिसंवाद रंगतो. सभागृहाचा भलता उपयोग झाला तर मोर्चे निघतात, धमक्या येतात आणि पोलिसांना बोलवावे लागते. तोक्योतील ‘निप्पॉन बुदोकान’ या बंदिस्त क्रीडागृहाच्या बाबतीत १९६६ साली नेमके हेच घडले. त्या घटनेचा आणि तिच्या मागच्यापुढच्या इतिहासाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर उभी राहिलेली बहुउद्देशीय क्रीडागृहे सहसा हेतूच्या बाबतीत उदासीन असतात. आज बर्फावरील हॉकी, उद्या मुष्टियुद्ध, परवा गायनाचा जलसा, तेरवा राजकीय पक्षाचे अधिवेशन. मधली जमीन बदलते, खुर्च्या हलतात, दिवे फिरवले जातात. पुष्कळदा अशा वास्तूला स्वतःचे नावही उरत नाही. पैसे देणाऱ्या कंपनीचे नाव तिला चिकटते आणि करार संपला की ते बदलते. बुदोकान या गोत्रातले असूनही वेगळे आहे. त्याचा हेतू त्याच्या नावातच कोरलेला आहे. ‘बुदो’ म्हणजे युद्धकलांचा मार्ग आणि ‘कान’ म्हणजे भवन. ज्यूदो, केन्दो, धनुर्विद्या यांसारख्या विद्यांसाठी बांधलेले हे राष्ट्रीय भवन आहे. ‘दो’ या प्रत्ययातला मार्ग केवळ तंत्राचा नाही. तो साधनेचा आणि शीलाचा मार्ग आहे, अशी त्यामागची धारणा.

या हेतूला एक जखमही होती. १८९५ साली क्योतो येथे ‘दाय निप्पॉन बुतोकुकाय’ ही युद्धकलांचे संवर्धन करणारी संस्था स्थापन झाली. १९३० नंतरच्या लष्करशाहीच्या काळात ज्यूदो आणि केन्दो हे शालेय शिक्षणाचे अंग बनले आणि त्यांचा उपयोग सैनिकी मनोवृत्ती घडविण्यासाठी झाला. १९४५ च्या पराभवानंतर जपानचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकी अधिसत्तेने शाळांतून या विद्या काढून टाकल्या आणि १९४६ साली ही संस्थाही विसर्जित झाली. पुढे ज्यूदो १९५० साली शाळांत परतला. केन्दोला आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली. परतताना दोघांनीही ‘आम्ही आता खेळ आहोत’ असे सांगितले. युद्धाशी नाते तोडल्याचा हा जाहीरनामाच होता. तो मनापासून होता की परिस्थितीने लादलेला होता, याबद्दल त्या क्षेत्रातल्या लोकांतही एकमत नव्हते.

१९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा या संदिग्धतेतून बाहेर पडण्याची संधी आली. १९६२ साली बुदोकानची संस्था स्थापन झाली आणि ‘योमिउरी’ या बलाढ्य वृत्तपत्राचे सर्वेसर्वा मात्सुतारो शोरिकी तिचे अध्यक्ष झाले. शोरिकी हे एकेकाळचे पोलीस अधिकारी आणि स्वतः ज्यूदो शिकलेले. जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. युद्धानंतर संशयित युद्धगुन्हेगार म्हणून ते तुरुंगात होते आणि खटला न चालता १९४७ साली सुटले. निषिद्ध ठरलेल्या विद्यांना प्रतिष्ठेचे भवन मिळवून देणारा माणूसही त्याच इतिहासातून आलेला होता.

जागेची निवडही साधी नव्हती. एदो किल्ल्याच्या उत्तरेकडील ‘किता-नो-मारू’ या भागात, सम्राटाच्या राजवाड्याला लागून, पूर्वी शाही रक्षक दलाच्या छावण्या होत्या. १४ ऑगस्ट १९४५ च्या रात्री सम्राटाची शरणागतीची घोषणा रोखण्यासाठी काही तरुण अधिकाऱ्यांनी बंडाचा प्रयत्न केला आणि साथ देण्यास नकार देणारे रक्षक दलाचे सेनापती मोरी यांना याच परिसरातील मुख्यालयात ठार मारले. या घटनेला वीस वर्षेही उलटली नव्हती, तोच तेथे ऑलिम्पिकची वास्तू उभी राहिली. आजही प्रेक्षक कुदानशिता स्थानकावर उतरतात आणि सतराव्या शतकातील तायासू दरवाजातून आत शिरतात. रस्त्यापलीकडे, चालत काही मिनिटांच्या अंतरावर, युद्धात मेलेल्यांना देवत्व देणारे यासुकुनी देवस्थान आहे.

वास्तुकार मामोरू यामादा यांची कथा तर एखाद्या वाङ्मयीन चळवळीच्या इतिहासासारखी वाटते. १९२० साली काही तरुणांनी जुन्या वास्तुपरंपरेशी फारकत घेत असल्याचे घोषित केले. त्या ‘बुन्रिहा’ गटात यामादा होते. तोक्योच्या मध्यवर्ती तारघराची १९२५ सालची त्यांची इमारत जपानी आधुनिकतेच्या आरंभीच्या खुणांपैकी एक मानली जाते. त्याच यामादांनी उतारवयात नारा येथील होर्यूजी मठातील ‘युमेदोनो’, म्हणजे ‘स्वप्नभवन’, या आठव्या शतकातील अष्टकोनी मंदिराचा आदर्श समोर ठेवून बुदोकान रचले. आठ बाजू, फुजी पर्वताच्या उतारांची आठवण देणारे छप्पर आणि शिखरावर सोनेरी कळस, असे त्याचे रूप आहे. काम एका वर्षाच्या आत आटोपले आणि ३ ऑक्टोबर १९६४ रोजी भवन खुले झाले. त्याच ऑलिम्पिकसाठी केन्झो तांगे यांनी योयोगी येथे पोलादी दोरांवर तोललेल्या छपराचे क्रीडागृह उभारले. ते जगभर आधुनिक वास्तुकलेचा नमुना म्हणून गाजले. त्याच्या शेजारी ठेवून पाहिले की बुदोकान मागे वळून पाहणारे वाटते. मात्र हा मंदिराचा आकार काँक्रीट आणि पोलादाच्या साहाय्याने सुमारे चौदा हजार माणसांना सामावून घेतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. प्राचीन स्वप्नभवनात इतकी माणसे कधीच अपेक्षित नव्हती.

वास्तू खुली झाल्यावर तीन आठवड्यांच्या आतच हेतूची पहिली कसोटी लागली. ऑलिम्पिकमधील ज्यूदोच्या चार गटांपैकी तीन गटांत जपानी खेळाडूंनी सुवर्णपदके जिंकली. चौथा गट वजनाचे बंधन नसलेला, म्हणून सर्वांत मानाचा. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी त्याच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या आन्तोन खेसिंकने आकिओ कामिनागाला जमिनीवर दाबून धरले आणि लढत जिंकली. ज्या विद्येच्या सन्मानासाठी भवन बांधले, त्या विद्येचा सर्वोच्च मान त्याच भवनात परदेशी माणसाने नेला. सभागृह अवाक् झाले. आनंदाने बेभान झालेले डच समर्थक मॅटवर धावू लागले, तेव्हा खेसिंकने हात वर करून त्यांना थांबविले आणि प्रतिस्पर्ध्याला रीतसर अभिवादन केले. जपानी प्रेक्षकांच्या स्मरणात पराभवाइतकाच हा उंचावलेला हातही राहिला. बुदोचा मार्ग केवळ जपानी रक्तातून वाहत नाही आणि तो शिकता येतो, हे त्या एका कृतीतून स्पष्ट झाले. भवनाचा हेतू येथे मोडला नाही. तो बांधणाऱ्यांच्या कल्पनेपेक्षा रुंद मात्र झाला.

दुसरी कसोटी अधिक गोंगाटाची होती. जून १९६६ मध्ये बीटल्स जपानला येणार आणि त्यांचे कार्यक्रम बुदोकानमध्ये होणार, असे जाहीर झाले. संगीत या भवनाला अगदीच अपरिचित नव्हते. १९६५ साली लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी येथे वाद्यवृंदाचे संचालन केले होते. तरीही बीटल्सच्या बातमीने वादळ उठले. आक्षेप नुसत्या संगीताला नव्हता, हे यावरून ध्यानात यावे. लांब केस, विजेची गिटार आणि किंचाळणाऱ्या मुली यांनी युद्धकलांच्या पवित्र भवनात पाऊल ठेवणे हा अपमान आहे, असे उजव्या राष्ट्रवादी गटांचे म्हणणे होते. निदर्शने झाली, धमक्या आल्या. विरोधाभास असा की, दौऱ्याचे एक प्रायोजक ‘योमिउरी’ हे वृत्तपत्रच होते. एकाच गृहस्थांचे एक हात भवनाच्या पावित्र्यावर आणि दुसरा तिकिटांच्या हिशेबावर होता. शोरिकींची जाहीर वक्तव्ये या काळात डळमळीत झाली, यात नवल नाही.

३० जून ते २ जुलै या तीन दिवसांत पाच कार्यक्रम झाले. प्रत्येक कार्यक्रमात बीटल्स जेमतेम अर्धा तास मंचावर असत. शहरात आणि सभागृहात पोलिसांचा इतका बंदोबस्त होता की, प्रेक्षकांना जागेवरून उठण्याचीही मुभा नव्हती. चित्रफितींत हे दृश्य आजही पाहता येते. बसलेल्या जागीच रडणाऱ्या, रुमाल हलवणाऱ्या मुली दिसतात आणि त्यांच्या आसपास निर्विकार चेहऱ्याचे पोलीस. त्या प्रेक्षकांत युकिओ मिशिमा हा कादंबरीकारही होता आणि त्याने या अनुभवावर लेख लिहिला. मिशिमा स्वतः केन्दोचा साधक होता आणि सामुराई परंपरेचा अभिमानी. चार वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९७० रोजी, इचिगाया येथील लष्करी मुख्यालयात सैनिकांना उठावाचे आवाहन करून त्याने परंपरागत पद्धतीने पोट फाडून आत्महत्या केली. जपानचा आत्मा हरवत चालल्याची वेदना बाळगणारा हा लेखक बीटल्स ऐकायला तिकिटाच्या जागेवर बसला होता. परंपरा आणि आधुनिकता अशी सोपी विभागणी या प्रसंगाला पुरत नाही.

त्यानंतरचा इतिहास विरोधकांना अभिप्रेत असलेल्या दिशेच्या नेमका उलट गेला. १९७१ साली लेड झेपेलिन आले. १९७६ साली मुष्टियोद्धा महंमद अली आणि कुस्तीगीर आंतोनिओ इनोकी यांची पंधरा फेऱ्यांची विचित्र लढत येथे झाली. इनोकी बहुतेक वेळ जमिनीवर पाठ टेकून लाथा मारत राहिला आणि निकाल बरोबरीत लागला. १९७८ च्या आरंभी बॉब डिलनने येथे गायलेली गाणी ‘ॲट बुदोकान’ या शब्दांसह ध्वनिमुद्रिकेवर आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘चीप ट्रिक’ या अमेरिकी गटाने येथे ध्वनिमुद्रण केले आणि त्या ध्वनिमुद्रिकेने त्यांना स्वतःच्या देशात लोकप्रिय केले. इलिनॉयमधल्या एका लहान शहरातील तरुणांना अमेरिकेत नाव मिळाले ते तोक्योच्या एका नावाच्या आधारे. ५ ऑक्टोबर १९८० रोजी मोमोए यामागुची या लोकप्रिय गायिकेने निवृत्तीचा कार्यक्रम येथेच केला. एरिक क्लॅप्टनने २०२३ साली आपला शंभरावा कार्यक्रम या मंचावर सादर केला. जपानी गायकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना ‘बुदोकानमध्ये गाणे’ म्हणजे नाव सिद्ध होणे असे वाटत आले आहे.

असे का व्हावे? तोक्योत पुढे याहून मोठी आणि ध्वनीच्या दृष्टीने अधिक सोयीची सभागृहे झाली. अष्टकोनी, उंच छताचे बुदोकान संगीतासाठी आखलेले नव्हते. तरीही प्रतिष्ठा त्यालाच मिळाली. माझ्या मते याचे उत्तर १९६६ च्या विरोधात आहे. राष्ट्रवाद्यांनी ही जागा पवित्र आहे, असे इतक्या कळकळीने सांगितले की, तेथे प्रवेश मिळणे हीच एक सिद्धी होऊन बसली. विरोध झाला नसता, तर बुदोकान हे भाड्याने मिळणारे आणखी एक क्रीडागृह ठरले असते. पावित्र्याचा दावा करणाऱ्यांनी आपल्याला नको असलेल्या कलेला नकळत ते पावित्र्य बहाल केले. कार्यक्रमांच्या वेळी छताच्या मधोमध लटकणारा जपानचा ध्वजही कित्येकदा तसाच राहतो आणि त्याच्याखाली गिटार वाजते.

भाषेनेही या स्थित्यंतराची नोंद घेतली आहे. शिखरावरील सोनेरी कळस हा मंदिरांवर आणि पुलांच्या कठड्यांवर आढळणारा पारंपरिक अलंकार आहे. त्याचा आकार कांद्यासारखा असल्याने तरुणांनी त्याला ‘मोठा कांदा’ म्हणायला सुरुवात केली. ‘बाकुफू स्लम्प’ या रॉकगटाच्या १९८० च्या दशकातील एका गाण्याचे शीर्षकच ‘मोठ्या कांद्याखाली’ अशा अर्थाचे आहे. गाणे आहे पत्रमैत्रीचे आणि बुदोकानमधल्या कार्यक्रमाला न आलेल्या मैत्रिणीचे. धर्मचिन्हाचा कांदा होणे ही काहींच्या दृष्टीने अवनती ठरेल. पण ज्या कळसाला लोक लाडाचे नाव देतात तो कळस त्यांचा झालेला असतो.

मूळ हेतूही दरम्यान लोप पावला नाही. ३ नोव्हेंबरला येथे केन्दोची राष्ट्रीय स्पर्धा होते, ज्यूदोचीही होते. गाण्याच्या कार्यक्रमांचे भाडे संस्थेला उपयोगीच पडते. ‘विटाळा’च्या भीतीने ज्यांनी दारे बंद करायला सांगितले, त्यांच्याच प्रिय विद्यांना त्या उघड्या दारांचा आधार मिळाला.

आतापर्यंतची कथा सुखान्त वाटेल. पण या भवनाचा तिसरा उपयोग पाहिला की तसे म्हणवत नाही. १९६५ पासून दर वर्षी १५ ऑगस्टला युद्धातील मृतांचा राष्ट्रीय स्मृतिसमारंभ बुदोकानमध्ये होतो. सम्राट उपस्थित असतात, पंतप्रधान भाषण करतात, दुपारी बारा वाजता मौन पाळले जाते. या भाषणांचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी पाठभेदांच्या दृष्टीने वाचावा असा आहे. १९९३ साली पंतप्रधान मोरिहिरो होसोकावा यांनी जपानच्या युद्धाला बळी पडलेल्या आशियाई जनतेबद्दल दुःख व्यक्त केले. १९९४ साली तोमिइची मुरायामा यांच्या भाषणात पश्चात्तापाचा उल्लेख आला आणि पुढच्या पंतप्रधानांनीही तो ठेवला. २०१३ साली शिन्झो आबे यांच्या भाषणातून हे दोन्ही उल्लेख गळले. २०१५ साली सम्राट अकिहितो यांच्या निवेदनात मात्र तीव्र पश्चात्तापाचे शब्द आले. २०२५ साली पंतप्रधान शिगेरू इशिबा यांनी ‘पश्चात्ताप’ हा शब्द पुन्हा उच्चारला. तेच भवन, तोच दिवस, तीच वेळ, आणि एका शब्दाची ये-जा. ज्या देशांत लाखो माणसे मेली, तेथील लोकांच्या दृष्टीने या शब्दाचे असणे-नसणे किती मोलाचे आहे, हे सांगायला नको.

राजकीय अंत्यविधींची गोष्टही अशीच आहे. १९६७ साली शिगेरू योशिदा या माजी पंतप्रधानांचा राजकीय इतमामातील अंत्यविधी येथे झाला. २७ सप्टेंबर २०२२ रोजी, हत्या झालेल्या शिन्झो आबे यांचा झाला. त्या दिवशी फुले वाहण्यासाठी लोकांच्या लांब रांगा लागल्या आणि त्याच शहरात विरोधाचे मोर्चेही निघाले. सरकारी खर्चाने कोणाचा शोक करायचा, हे कोणी ठरवायचे? १९६६ साली प्रश्न गाण्याचा होता, २०२२ साली शोकाचा. मुळात दोन्हीकडे मुद्दा एकच : सर्वांचे म्हणून बांधलेल्या जागेत ‘सर्व’ म्हणजे कोण?

या प्रश्नाला उत्तर देणारा आवाजही याच भवनात उमटला आहे. तोक्यो विद्यापीठाचा प्रवेशसमारंभ येथे होतो. १२ एप्रिल २०१९ रोजी समाजशास्त्रज्ञ चिझुको उएनो यांनी नव्या विद्यार्थ्यांपुढे अभिनंदनाचे गोड भाषण न करता वैद्यकीय प्रवेशपरीक्षांत मुलींवर झालेल्या अन्यायाचा आणि त्या विद्यापीठातील मुलींच्या अल्पसंख्येचा प्रश्न मांडला. हे यश केवळ तुमच्या मेहनतीचे फळ नाही, परिस्थितीनेही तुम्हांला हात दिला आहे, हे त्यांनी मुलांना बजावले. त्या भाषणावर देशभर चर्चा झाली. १९६४ मध्ये येथे झालेल्या ऑलिम्पिक ज्यूदोत स्त्रियांना स्थान नव्हते, ही गोष्ट या संदर्भात आठवण्यासारखी आहे.

२०२१ साली महामारीमुळे वर्षभर पुढे ढकललेले ऑलिम्पिक तोक्योत झाले, तेव्हा ज्यूदो पुन्हा बुदोकानमध्ये आला. या वेळी पुरुषांबरोबर स्त्रियाही होत्या आणि मिश्र संघांची स्पर्धा प्रथमच होती. ३१ जुलै रोजी तिच्या अंतिम फेरीत फ्रान्सने जपानला हरविले. १९६४ सारखाच पराभव. पण अवाक् व्हायला प्रेक्षकच नव्हते. साथीच्या निर्बंधांमुळे आसने रिकामी होती. त्या रिकाम्या आसनांनी या लेखातील प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले, असे मला वाटते. आठ भिंती, छप्पर, कळस, ध्वज आणि मूळ हेतू हे सारे जागेवर होते. तरी खेसिंकच्या विजयाच्या वेळी जे घडले, ते तेथे घडणे शक्य नव्हते. उरलेले अर्धे उत्तर १५ ऑगस्टच्या भाषणांत आहे. तेथे आसने भरलेली असतात. पण कोणता शब्द उच्चारायचा, हे मंचावरचा एकच माणूस ठरवतो.

हेतू आणि उपयोग यांच्या वादात एका पक्षाला सर्वस्वी विजयी ठरविणे म्हणूनच बरोबर नाही. बुदोकानला युद्धकलांचे भवन ठरविणाऱ्यांच्या आग्रहाने त्याला वजन दिले. त्या आग्रहाला न जुमानणाऱ्यांनी त्याला आयुष्य दिले. ज्या सभागृहावर कोणी हक्क सांगत नाही, त्याची आठवणही कोणी ठेवत नाही. आपल्या शहरांतली सभागृहे, नाट्यगृहे आणि मैदाने यांचा इतिहास लिहिताना बांधकामाची तारीख, खर्च आणि उद्घाटकाचे नाव एवढ्यावर आपण बहुधा थांबतो. तेथे कोणाला येऊ दिले नाही, कोण तरीही आले आणि त्या वेळी काय बोलले गेले, याच्याही नोंदी अभ्यासकांनी शोधायला हव्यात.